स्टिअरिंगचा एअरबॅग पॅड काढायचाय? आधी बॅटरी, मग घड्याळ

माझ्या गाडीचा हॉर्न काही दिवस फक्त डावीकडे दाबला तरच वाजायचा. उजवीकडे कितीही दाबा, ढिम्म. मग डावीकडूनही मनात आलं तर वाजायला लागला. फ्यूज बघितला, ठीक. रिले (हॉर्नला वीज सोडणारा छोटा स्विच) बदलून बघितला, तोही ठीक. बॉनेट उघडून हॉर्नला थेट बॅटरीवरून वायर लावली तर खणखणीत वाजला. म्हणजे दोष स्टिअरिंगच्या पोटात होता, आणि तिथं पोचायचं तर मधला एअरबॅगचा पॅड काढल्याशिवाय गत्यंतर नाही.

मी बरीच वर्षं मोटारींच्या वायरिंगची कामं केली. आता फक्त घरच्या आणि नात्यातल्या गाड्या बघतो. खरं सांगतो, पॅड काढणं अवघड नाही. दोन बोल्ट नाहीतर दोन-तीन स्प्रिंगा, एक-दोन कपलर (वायरी जोडणारे प्लास्टिकचे प्लग) आणि हॉर्नची एक वायर. हात बसलेला असेल तर पाच मिनिटांचं काम. पंचाईत तिथंच आहे. काम एवढंसं दिसतं, म्हणून माणूस थांबायला तयार नसतो. आणि या कामात थांबण्यालाच सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागतो.

आधी आत काय आहे ते समजून घ्या. पॅडच्या प्लास्टिकमागे नायलॉनची पिशवी घडी करून ठेवलेली असते. तिच्यामागे धातूचा डबा, म्हणजे इन्फ्लेटर. त्यात रसायनाच्या गोळ्या आणि त्या पेटवणारी एक बारीकशी ठिणगीदाणी, तिला स्क्विब म्हणतात. स्क्विबच्या आत केसासारखी तार असते, तिचा रोध साधारण २ ओहम. तिच्यातून सव्वा अँपिअरच्या आसपास करंट अवघे २ मिलिसेकंद गेला तरी ती पेटते. पुढचं सगळं ३०-४० मिलिसेकंदांत उरकतं: गोळ्या जळतात, गॅस तयार होतो, पॅडच्या आतल्या बाजूला मुद्दाम पातळ ठेवलेली रेघ फाटते आणि पिशवी बाहेर येते. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. अपघातात हीच पिशवी जीव वाचवते. पण तुम्ही पॅडवर वाकून स्क्रू शोधत असताना ती उघडली, तर हात मोडेल, डोळा जाईल, याहून वाईटही होईल.

आता बॅटरीबद्दल. पुष्कळांना वाटतं, टर्मिनल काढलं की विषय संपला. तसं नाही. अपघातात बॅटरीच चिरडली किंवा तिची वायर तुटली तरी एअरबॅग उघडायला हवी, म्हणून एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये वीज साठवणारे कपॅसिटर बसवलेले असतात. बॅटरी सुटल्यावरही त्यांच्यात काही वेळ चार्ज राहतो. किती वेळ ते गाडीगणिक वेगळं. टोयोटाच्या पुष्कळ गाड्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ९० सेकंद सांगितलेत, होंडाच्या पुष्कळ गाड्यांत ३ मिनिटं, काही कंपन्या याहून जास्त सांगतात. मी सरसकट १५ मिनिटं थांबतो आणि मोबाइलवर गजर लावतो. मनातल्या मनात मोजत नाही, कारण मनातली १५ मिनिटं सहाव्या मिनिटाला संपतात.

कुठल्या गाडीला हात लावायचा नाही, तेही आताच सांगतो. पॅड किंवा इन्फ्लेटरचा रिकॉल निघालेला असेल, म्हणजे दोषामुळे कंपनीनं तो भाग परत मागवला असेल, तर मुळीच नाही. टाकाटा या एअरबॅग बनवणाऱ्या जपानी कंपनीचं प्रकरण आठवत असेल: त्यांच्या इन्फ्लेटरमधलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं आणि दमटपणानं बिघडायचं, आणि उघडताना धातूचा डबाच फुटून त्याचे तुकडे माणसाच्या अंगावर यायचे. जगभरात कोट्यवधी इन्फ्लेटर परत मागवावे लागले आणि २०१७ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. गाडीचा चॅसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकला की रिकॉल आहे का ते कळतं. रिकॉल असेल तर गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला द्या, तिथं भाग फुकट बदलून मिळतो. पुरात बुडालेली गाडी, पुढून ठोकलेली गाडी, एअरबॅगचा दिवा आधीपासूनच लागून राहिलेली गाडी, यांच्याही वाटेला घरी जाऊ नका. आणि १९९० च्या दशकातल्या काही गाड्यांत धक्का ओळखणारा सेन्सर पॅडच्या आतच असायचा, पूर्ण मेकॅनिकल. तिथं बॅटरी काढून काहीच साधत नाही. तो पॅड निकामी करायची रीत वेगळी असते. म्हणून आपल्या गाडीचं, त्याच मॉडेलचं आणि त्याच वर्षाचं सर्व्हिस मॅन्युअल समोर असल्याशिवाय सुरुवात करू नका. मी इथं सांगतोय ती सर्वसाधारण पद्धत. मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर मॅन्युअलचंच ऐका.

हत्यारं फार लागत नाहीत. बॅटरीसाठी १० नंबरचा पाना, टी-३० चा स्टार बिट (काही पॅडना १० नंबरचे षटकोनी बोल्ट असतात, काहींना मधोमध खुंटी असलेले स्टार बोल्ट, त्यांचा बिटही मधोमध भोक असलेला लागतो), एक बारीक चपटा स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च, डोळ्यांवर गॉगल. टॉर्क पाना (बोल्ट ठरलेल्या जोरानंच आवळणारा) असेल तर उत्तम. सुती कपडे घाला. नायलॉनच्या कपड्यांवर स्थिर वीज लवकर साठते.

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकं अगदी सरळ. सीट पूर्ण मागे घ्या. स्टिअरिंग खालीवर होत असेल तर काम करायला सोयीच्या उंचीवर आणा. मोटरवर हलणारं स्टिअरिंग आणि सीट बॅटरी काढल्यावर जागची हलणार नाहीत. म्युझिक सिस्टिमला कोड लागत असेल तर तो आधीच लिहून ठेवा. इग्निशन बंद करा, किल्ली काढा. बटणावर चालू होणारी गाडी असेल तर किल्ली घरात लांब ठेवून या.

आता बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवा. ते सुटलं की जाडसर कापडात गुंडाळून बाजूला दाबून ठेवा, कारण जाड वायर स्प्रिंगसारखी परत येऊन खांबाला टेकते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. काही गाड्यांत बॅटऱ्या दोन असतात, काहींची डिक्कीत किंवा सीटखाली असते. दोन असतील तर दोन्ही सोडवा. मग दार उघडून आतला दिवा लागतो का ते बघा. लागला, तर कुठून तरी वीज येतेय.

घड्याळ आणि रेडिओची मेमरी जाऊ नये म्हणून जोडायचं एक छोटं उपकरण मिळतं, बॅटरी काढली तरी ते गाडीला थोडी वीज देत राहतं. या कामाला ते चुकूनही वापरू नका. जी वीज घालवायला आपण १५ मिनिटं थांबतोय, तीच ते मागच्या दारानं आत सोडतं. सोलर चार्जर किंवा बॅटरी चार्जर लावलेला असेल तर तोही काढा. काहीजण टर्मिनल काढल्यावर हॉर्न दाबतात, हेडलाइटचं बटण फिरवतात, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. करायला हरकत नाही, पण त्यानं एअरबॅगच्या कपॅसिटरला फरक पडतोच असं नाही. त्याचा उतारा एकच, वेळ. गजर वाजेपर्यंत गाडीत बसायचंही नाही.

गजर झाला की आधी गाडीच्या उघड्या धातूला हात लावा, दाराचा कडी अडकण्याचा लोखंडी भाग चालतो. अंगावरची स्थिर वीज निघून जाते. मग बसताना पॅडच्या थेट समोर न बसता जरा तिरकं बसा आणि चेहरा पॅडवर आणू नका.

बोल्टवाला पॅड असेल तर स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना, ३ आणि ९ वाजण्याच्या जागी, मागच्या कडेला छोटी प्लास्टिकची झाकणं दिसतील. ती अलगद उचकटली की आत बोल्ट. एक महत्त्वाचं: पुष्कळ गाड्यांत हे बोल्ट पूर्ण बाहेर येत नाहीत. सैल होतात, गरगर फिरतात, पण स्टिअरिंगच्या सांगाड्यातच अडकून राहतात. पहिल्यांदा करणारा माणूस 'निघत का नाही' म्हणून पक्कड लावतो. लावू नका. दोन्ही बाजू मोकळ्या फिरू लागल्या की पॅड आपोआप हलतो.

स्प्रिंगवाल्या पॅडला बोल्टच नसतात. स्टिअरिंगच्या मागच्या आवरणाला दोन किंवा तीन भोकं असतात. त्यांतून चपटा स्क्रू ड्रायव्हर किंवा गोल सळई घालून आतली तारेची स्प्रिंग बाजूला दाबायची, की त्या बाजूनं पॅड टक्‌कन पुढे येतो. स्प्रिंग कुठल्या दिशेला दाबायची ते गाडीनुसार बदलतं, आणि अंदाजानं खुपसत बसलात तर पॅडच्या मागच्या बाजूलाच टोक लागायचं. मी मोबाइलचा कॅमेरा भोकाशी नेऊन आधी फोटो काढतो. तार कुठून कुठं गेलीय ते स्वच्छ दिसतं. भोक गाठायला स्टिअरिंग पाव फेरा फिरवावं लागलं, तर जुन्या पद्धतीच्या गाडीत लॉक सोडवायला किल्ली एक घर फिरवावी लागते. बॅटरी सुटलेली असताना तेवढं चालतं. पण बाजू सुटली की स्टिअरिंग पुन्हा सरळ आणि किल्ली लगेच बाहेर. ती तशीच आत राहिली तर नंतर बॅटरी जोडताना घोटाळा होतो.

दोन्ही प्रकारांत एक नियम सारखाच: पॅड हिसकायचा नाही. मागे वायरी आहेत आणि त्या वीतभरही लांब नसतात. सुटलेला पॅड चार बोटं पुढे घ्या, एका हातानं तोलून धरा आणि टॉर्चनं मागे बघा. पिवळा कपलर दिसेल. एअरबॅगची जोडणी बहुतेक ठिकाणी पिवळीच असते, म्हणजे गाडीत कुठंही पिवळा कपलर दिसला की हात आखडता घ्यायचा. दोन टप्प्यांत उघडणारी एअरबॅग असेल तर कपलरही दोन असतात, वेगळ्या रंगांचे, एकमेकांच्या जागी न बसणारे. तरी मी सोडवण्याआधी फोटो काढतोच.

या कपलरला दोन कुलुपं असतात म्हणा ना. वर एक चिमुकली पट्टी, कधी नारिंगी, कधी काळी. बारीक स्क्रू ड्रायव्हरचं टोक तिच्या कडेखाली घालून ती सरळ वर उचला. दोन-तीन मिलिमीटरच उचलली जाते आणि बारीक 'टिक' ऐकू येतं. त्यानंतरच कपलर निघतो, तोही सरळ वर, वाकडा करून नाही. वायरीला धरून ओढायचं नाही. कपलर निघाल्यावर पुष्कळ पॅडमध्ये आतली एक पत्ती दोन्ही पिनांना आपोआप जोडते, म्हणजे भटकी वीज स्क्विबमधून जात नाही. सुंदर युक्ती आहे. कपलरमध्ये टोकदार काही खुपसून ती पत्ती वाकवू नका. राहिली हॉर्नची वायर, ती साधी चपट्या पिनेची, हलवत काढली की निघते.

आता पॅड हातात आहे. मागच्या वेळी भाचा मदतीला होता. पॅड सुटला तसा त्यानं तो तान्हं मूल घ्यावं तसा छातीशी धरला.

"अरे, उलटा धर! छाप असलेली बाजू बाहेर, तुझ्याकडे नाही."

"मामा, वायर तर काढलीय ना?"

"काढलीय. तरी बाहेरच."

वाद घालायची ती वेळ नव्हती, नंतर समजावलं. पॅड नेताना एका हातात, अंगापासून लांब, तोंड बाहेर. ठेवताना तोंड वर, पाठ खाली, आणि वर काहीही ठेवायचं नाही, गाडीचं पुसायचं फडकंसुद्धा नाही. पालथा ठेवलेला पॅड समजा उघडला, तर पिशवीला जमिनीकडे जागा नसते. मग ती धातूच्या डब्यासकट सगळा पॅड वर फेकते. उताणा असला तर पिशवी हवेत उघडेल आणि आवाजावर निभावेल. ऊन, हीटर, वेल्डिंग, मुलं, पाळीव प्राणी, सगळ्यांपासून लांब, शक्यतो कुलूप लागणाऱ्या खोलीत ठेवा. मी डिक्की रिकामी करून त्यात ठेवतो आणि बंद करतो.

आणि मल्टिमीटर! वायरिंगवाल्या माणसाचा हात आपसूक तिकडे जातो. पॅडच्या पिनांना मल्टिमीटर लावून ओहम मोजायचे नाहीत. मीटर रोध मोजतो तो स्वतःचा थोडा करंट सोडूनच, आणि तो करंट जातो थेट त्या केसासारख्या तारेतून. पॅड उघडणं, त्यावर ड्रिल मारणं, तेल-सॉल्व्हंट लावणं, खाली पडलेला पॅड परत बसवणं, हेही नाही. पुसायचाच असेल तर ओलसर फडक्यानं. वर जाड स्टिकर किंवा रंगाचा थर देऊ नका, नाहीतर फाटायची रेघ हवी तिथं फाटणार नाही.

माझ्या हॉर्नचं कारण पॅडच्या मागेच सापडलं. माझ्या गाडीत पॅड चार स्प्रिंगांवर तरंगतो, दाबला की मागचे पितळी ठिपके स्टिअरिंगच्या सांगाड्यावरच्या ठिपक्यांना टेकतात आणि हॉर्न वाजतो. उजवीकडचा सांगाड्यावरचा ठिपका काळा पडला होता, वर हाताच्या घामाची आणि धुळीची चिकट पुटं. सँडपेपर लावला नाही, पितळेवरचा मुलामा जातो. शाळेच्या दप्तरातलं खोडरबर घेतलं, दहा-बारा वेळा घासलं, ठिपका सोन्यासारखा चमकला. खोडरबराचा चुरा ब्रशनं झटकला. पॅडच्या बाजूचे ठिपके नुसते कोरड्या फडक्यानं पुसले. बस, एवढंच झालं होतं.

पॅड निघाला म्हणून स्टिअरिंग फिरवून बघायचा मोह होतो. त्यात माझे हात एकदा पोळलेत. बऱ्याच वर्षांपूर्वी मी पॅडबरोबर स्टिअरिंगही काढलं होतं. त्याच्यामागे क्लॉक स्प्रिंग असते: घड्याळातल्या चावीच्या पट्टीसारखी गुंडाळलेली चपटी केबल. स्टिअरिंग फिरलं तरी एअरबॅगची आणि हॉर्नची वायर तुटू नये म्हणून ती गुंडाळते आणि उलगडते. दोन्ही बाजूंना मोजकेच फेरे. मी ती बोटानं फिरवून बघितली, किती फिरते म्हणून, आणि मध्यावर न आणताच स्टिअरिंग बसवलं. सरळ रस्त्यावर काही कळलं नाही. गाडी लावताना पहिल्यांदाच पूर्ण उजवीकडे वळवली तेव्हा आतून कागद फाटल्यासारखा आवाज आला. हॉर्न गेला, एअरबॅगचा दिवा लागला आणि नवी क्लॉक स्प्रिंग घ्यावी लागली. म्हणून नुसता पॅडच काढायचा असेल तर स्टिअरिंगच्या नटाला हातही लावू नका. स्टिअरिंग काढावंच लागलं तर चाकं सरळ ठेवा, क्लॉक स्प्रिंग टेपनं चिकटवून जागची हलू देऊ नका आणि तिच्यावरच्या खुणा जुळल्याशिवाय परत बसवू नका.

परत बसवणं म्हणजे तीच वाट उलटी. बॅटरी अजून सुटलेलीच आहे ना, ते आधी बघा. पॅड काढलेला असताना इग्निशन चालू करायचंच नाही. युनिटला पॅड सापडत नाही, ते दोषाची नोंद करतं आणि दिवा लागून राहतो. आधी हॉर्नची वायर, मग पिवळा कपलर टिक होईपर्यंत दाबा, मग वरची पट्टी खाली. पट्टी खाली बसत नसेल तर कपलर अर्धवट बसलाय. जोर लावू नका, काढून पुन्हा बसवा. वायर पॅडखाली किंवा हॉर्नच्या स्प्रिंगमध्ये चेमटत नाही ना ते टॉर्चनं बघा. पॅड दोन्ही हातांनी कडांवर सारखा दाबा. बोल्ट असतील तर मॅन्युअलमधल्या टॉर्कनं आवळा. पुष्कळ गाड्यांत तो ८ ते १० न्यूटन-मीटरच असतो, म्हणजे मनगटाच्या जोराचं काम, खांद्याच्या नाही. चारी बाजूंची फट सारखी दिसली पाहिजे. एका बाजूला घट्ट बसला तर हॉर्न वाजतच राहतो, आणि तेही नेमकं बॅटरी जोडताना.

बॅटरी जोडताना गाडीत कुणी नको. टर्मिनल लावा, घट्ट करा, मग ड्रायव्हरच्या बाजूनं बाहेर उभं राहून, पॅडच्या समोर डोकं किंवा हात न आणता, बाजूनं इग्निशन चालू करा. बटणाची गाडी असेल तरी तसंच, हात बाजूनं. डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागेल आणि पुष्कळ गाड्यांत साधारण ६ सेकंदांनी विझेल. विझला की युनिटला पॅड सापडला. लागूनच राहिला किंवा लुकलुकला, तर इग्निशन बंद, बॅटरी पुन्हा सोडवा, पुन्हा १५ मिनिटं, आणि कपलर बघा. कपलर ठीक असूनही दिवा जात नसेल तर नोंद पुसायला एअरबॅगचं युनिट वाचणारा स्कॅनर लागतो. नुसतं इंजिन वाचणारं स्वस्तातलं यंत्र तिथं पोचतच नाही. दिवा लागलेला असताना गाडी वापरणं म्हणजे एअरबॅग नाही असं धरूनच चालवणं.

जुना किंवा बाद पॅड भंगारात टाकू नका. दाबायच्या यंत्रात गेला तर तिथल्या माणसावर उडेल. सर्व्हिस सेंटरला द्या. आणि बदली घेताना कुणाच्या अपघाती गाडीतला किंवा भलताच स्वस्त पॅड घेऊ नका. बाहेरून हुबेहूब आणि आत चिंध्या भरलेले नकली पॅड निघालेले आहेत.

बॅटरी सुटल्यामुळे काचांची एका झटक्यात वरखाली होण्याची सोय बहुधा विसरलेली असेल. काच पूर्ण वर नेऊन बटण दोन-तीन सेकंद दाबून धरलं की पुष्कळ गाड्यांत ती परत येते. घड्याळ लावा. सीट पुन्हा जागेवर आणताना तुमची छाती आणि पॅड यांच्यात किमान १० इंच, म्हणजे २५ सेंटिमीटर अंतर राहील असं बघा. मग हॉर्न डावीकडून, उजवीकडून, मधून दाबून बघा. माझा पहिल्या दाबातच वाजला, आणि भाचा बॉनेटसमोरच उभा होता.